‘तटस्थ’ आणि ‘अलिप्त’: फिनलंड व स्वीडनने नेमके काय सोडले?

प्रश्न: फिनलंड आणि स्वीडन नाटोमध्ये गेले त्या संदर्भात ‘त्यांनी तटस्थता सोडली’ आणि ‘अलिप्तता सोडली’ अशी दोन्ही वाक्ये वाचनात आली. हे शब्द समानार्थी मानावेत का?

उत्तर: मानू नयेत, असे माझे ठाम मत आहे. ‘तटस्थ’ म्हणजे तटावर उभा असलेला. समोर प्रवाह असेल तरच काठावर उभे राहण्याला अर्थ आहे, आणि कायद्यातही या शब्दामागे युद्ध गृहीत असते: १९०७च्या हेग करारानुसार तटस्थ देशाने लढणाऱ्या कोणत्याही पक्षाचे सैन्य आपल्या भूमीवरून जाऊ द्यायचे नसते. ‘अलिप्त’ म्हणजे लेप न लागलेला. कोणत्याही लष्करी गटात सामील न होण्याचे हे शांतताकाळातले धोरण आहे.

स्वीडनच्या शीतयुद्धकालीन धोरणसूत्रात हे दोन्ही शब्द शेजारीशेजारी येतात. त्याचा आशय असा, की शांततेत अलिप्त राहायचे, ते युद्ध झालेच तर तटस्थ राहता यावे म्हणून. तिथे दोहोंसाठी एकच शब्द वापरला, तर सूत्राचा अर्थच नाहीसा होतो. १९९५ साली दोन्ही देश युरोपीय संघात गेले आणि पुढे ‘तटस्थ’ हा शब्द मागे पडून ‘लष्करीदृष्ट्या अलिप्त’ हे वर्णन रूढ झाले. फेब्रुवारी २०२२मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर काही दिवसांतच दोघांनी युक्रेनला रणगाडाविरोधी शस्त्रे देण्याचा निर्णय घेतला. म्हणजे फिनलंड ४ एप्रिल २०२३ला आणि स्वीडन ७ मार्च २०२४ला नाटोचे सदस्य झाले, तेव्हा सोडायला तटस्थता उरलीच नव्हती. त्यांनी सोडली ती अलिप्तता. रशियाशी सुमारे १,३४० किलोमीटरची सीमा असलेल्या फिनलंडसाठी तो निर्णय किती मोठा होता, हे चुकीच्या शब्दामुळे झाकले जाते.

ऑस्ट्रियासाठी मात्र ‘तटस्थ’च योग्य आहे, कारण २६ ऑक्टोबर १९५५च्या घटनात्मक कायद्याने त्या देशाने कायमची तटस्थता स्वीकारली असून लष्करी युतीत न जाण्याचे आणि परकीय तळ न होऊ देण्याचे बंधन घेतले आहे.

पुरवणी: वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण मराठीतली एक अडचण नोंदवावीशी वाटते. आपण ‘तटस्थ’ हा शब्द ‘निःपक्ष’ या अर्थानेही वापरतो (जुन्या मराठीत तर ‘तटस्थ होणे’ म्हणजे थक्क होऊन स्तब्ध राहणे), त्यामुळे तटस्थ देशाला स्वतःचे मत नसावे, अशी नकळत अपेक्षा तयार होते. प्रत्यक्षात २ मार्च २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत रशियाच्या आक्रमणाचा निषेध करणाऱ्या ठरावाच्या बाजूने ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आणि आयर्लंड या तिघांनीही मत दिले. म्हणून अशा देशांविषयी लिहिताना ‘लष्करी तटस्थता’ असा पूर्ण शब्दप्रयोग करावा, असे मी सुचवेन. आयर्लंडमध्ये अधिकृतपणे तोच वापरतात.