मदत हवी आहे: फ्रीलान्सरने लिहिलेल्या कोडची मालकी आणि गिटमध्ये राहिलेला पासवर्ड

सोलापुरातल्या टेरी टॉवेल कारखान्यांना सूत, बीम (मागावर चढवायचा ताण्याचा रूळ) आणि जॉबवर्कच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर देतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतले ६ कारखाने ते वापरतात. कोड फ्रीलान्सरचा. बिलं पूर्ण चुकती केलीत, लेखी करार नाही. तो आता काम सोडतोय. कोडमधला प्रत्येक बदल गिटमध्ये नोंदला जातो; त्याची रेपॉझिटरी (कोडचा साठा) त्याच्या खात्यावर आहे आणि मध्यंतरी ती पब्लिक होती. डेटाबेसचा पासवर्ड असलेली कॉन्फिग फाइल डिलीट करून कमिट (बदलाची नोंद) केलंय, तेवढं पुरेल का? आणि हाच कोड तो दुसऱ्याला विकू शकतो का?

प्रतिसाद १
नाही पुरणार. जुन्या कमिटमध्ये फाइल तशीच आहे, कुणीही उघडून वाचेल. सर्व्हरचे लॉग (कोण कधी जोडलं गेलं त्याच्या नोंदी) आधी कॉपी करून ठेवा आणि लगेच पासवर्ड बदला; इतिहास साफ करणं त्यानंतर. प्रत्येक कारखान्याला वेगळा डेटाबेस युजर द्या, डेटाबेस मायएसक्यूएल असेल तर त्याचा ३३०६ पोर्ट (जोडणीचं दार) ठरावीक आयपींनाच (इंटरनेट पत्त्यांनाच) उघडा ठेवा. लॉगमध्ये अनोळखी आयपी दिसतात का ते बघा.

मग ताज्या क्लोनवर (रेपॉझिटरीच्या पूर्ण प्रतीवर) गिट फिल्टर-रेपो हे इतिहास बदलणारं साधन चालवून ती फाइल सगळ्या इतिहासातून काढा, फोर्स पुश करा (खात्यावरच्या जुन्या इतिहासाच्या जागी नवा चढवा) आणि सगळ्यांना नव्याने क्लोन घ्यायला लावा. एकानेही जुन्या क्लोनमधले बदल मर्ज (एकत्र) करून पुश केलं की फाइल परत आलीच. कुणी फोर्क (स्वतःच्या खात्यावर प्रत) केला असेल तर तो तुमच्या हातात नाही, म्हणून तर पासवर्ड आधी.

प्रतिसाद २
मालकीचं: कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७. पगारी नोकराने नोकरीत लिहिलेला कोड मालकाचा, पण फ्रीलान्सर नोकर नाही. बिल चुकतं केल्याने वापराचा परवाना मिळाला असं मांडता येईल, मालकी मात्र त्याचीच. म्हणजे हो, विकू शकतो.

तो जायच्या आत कलम १९ प्रमाणे त्याच्या सहीचा हस्तांतरण लेख घ्या. मुदत लिहिली नाही तर ५ वर्षंच धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. शिवाय वर्षभरात हक्क वापरला नाही तर हस्तांतरण रद्द होतं. 'वर्षभराची ही अट लागू नाही' असं स्पष्ट लिहून घ्या. ही ओळ हमखास राहून जाते.

धागाकर्ता
कोडचं काम सुरू झालं तेव्हाची तारीख लेखावर टाकू का?

प्रतिसाद २
अजिबात नको. आजचीच तारीख टाका. जुनं काम परिशिष्टात ओळखू येईल असं लिहा: रेपॉझिटरीचं नाव, शेवटच्या कमिटचा हॅश (त्याची ओळखखूण), बिलांचे क्रमांक. आणि सही होईल त्याच बैठकीत रेपॉझिटरी कंपनीच्या खात्यावर ट्रान्सफर करून घ्या.