दुकानदार आमदार झाला, तर उधारीच्या वहीचं काय?

घाटंजीकर:
आमच्याकडे तीस वर्षं कृषी केंद्र, म्हणजे बियाणं-खतं-औषधांचं दुकान, चालवणारे एक शेठ विधानसभेला उभं राहायचं म्हणतात. मी त्यांच्या बाजूने आहे. कोणाला दुबार पेरणी करावी लागली, कोणाच्या पोरीचं लग्न अडलं, हे त्यांना सरपंचाआधी कळतं. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना गावात चार हजारांच्या आसपास माल गेला. त्या वर्षी उधारी कशी थकली, हे त्यांनी गल्ल्यावर बसून पाहिलंय. विदर्भातून ६२ आमदार जातात, त्यात असा एक तरी असावा.

बोंडवाला:
भाऊ, मले शेठचा राग नाही. पाऊस लागला तवा रात्री दुकान उघडून त्यानंच बियाणं देल्लं. पण त्याच्या वहीत माह्या नावावर ४२ हजार हायेत. उद्या थो आमदार म्हणून गावात सभा घेईन, तवा मी उभा राहून रस्त्याचा सवाल कसा विचारीन? पुढच्या मिरगाले बियाणं त्याच्याच दारातून आणाचं हाय.

घाटंजीकर:
कापसाचा जिनिंगवाला किंवा संस्थाचालक उभा राहिला, तर त्याचीही भीती असतेच की. मग दुकानदारानेच घरी का बसायचं? आणि १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम ९अ आहे. सरकारला माल पुरवण्याचा ठेका चालू असेल, तर माणूस अपात्र ठरतो.

पुसदचा कृषी पदवीधर:
दादा, ते कलम सरकारला माल विकणाऱ्यासाठी. शेतकऱ्याला विकणाऱ्याचं काय? खताचा परवाना १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखाली, कीटकनाशकांचा १९६८ च्या कायद्याखाली मिळतो. नमुने काढणारा निरीक्षक सरकारी नोकर, आणि बदली थांबवायला नोकर आमदाराचंच दार गाठतो. तो आमदाराच्या पोत्याला हात लावेल? युरियासोबत औषधाची नको ती बाटली गळ्यात मारणं आजही चालतं, त्याची तक्रार कोण लिहून घेईल? २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली. तेव्हापासून या दुकानांची तपासणी मला फार जिव्हाळ्याची वाटते. परवाना पोराच्या नावावर करूनही भागत नाही, गल्ला तोच राहतो.

घाटंजीकर:
तपासणीचं मला पटलं. दुकान विकूनच अर्ज भरा, असं आज संध्याकाळी जाऊन सांगतो त्यांना. पण उमेदवार म्हणून मला तेच हवेत.

बोंडवाला:
जाच, अन् दुकान विकलं तर वही कोणाच्या हाती जाईन, थे बी विचारजा. आमची नावं हायेत त्यात.