मदत हवी आहे: खरं अंबरी सफरचंद कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहितेय. आमचे बाबा फौजेत होते, काश्मिरात पोस्टिंग असताना दिवाळीच्या सुटीवर येताना अंबरीची पेटी आणायचे. तणसात बांधलेली सफरचंदं असायची, झाकण उघडलं का अख्ख्या घरात वास. आई पेटी पलंगाखाली सरकवून ठेवायची अन् फ्रीज नसतानाही आमची संक्रांतीपर्यंत पुरायची.

आता बाबा ८१ वर्षांचे आहेत, जेवण फार कमी झालंय, मागच्या आठवड्यात म्हणाले एकदा अंबरी खाऊ घाल. मी कळमन्याच्या फळबाजारात गेले, एक अडते म्हणाले हे घ्या ताई अंबरीच आहे, म्हणून पेटी आणली. एकदम गर्द लाल, चकचकीत. बाबांनी एक उचललं, नाकाशी नेलं, बुडाकडचे पाच उंचवटे अंगठ्याने चाचपले अन् परत ठेवून दिलं. "डेलिशस आहे हे." चाखलं पण नाही हो!

तर रंग, आकार, वास नेमका कसा असतो? लाल अंबरी म्हणतात ते हेच का? सप्टेंबरात मिळतं का? अन् गच्चीवर कुंडीत झाड येईल का?

---

ताई, बाबा बरोबर बोलले. बुडाशी पाच उंचवटे ही रेड डेलिशसची खूण, ते मूळचं अमेरिकेतल्या आयोवाचं. अंबरी काश्मीरचं स्वतःचं. लांबट असतं, साल हिरवट पिवळी अन् तिच्यावर लाल रेघा, पूर्ण लाल नाही. गर पांढरा, कुरकुरीत, गोड, आणि वास तर तुम्हाला आठवतोच आहे, तीच सगळ्यात मोठी ओळख. लाल अंबरी वेगळं, तो रेड डेलिशस आणि अंबरीचा संकर आहे, त्यामुळे नुसतं अंबरी मागितलं तर कोणी तेही हातात देईल.

मुख्य म्हणजे हे उशिरा पिकतं, ऑक्टोबरच्या आसपास, त्यामुळे आत्ता कोणी अंबरी म्हणून देत असेल तर घेऊच नका. काश्मीरमधल्या शोपियानचं अंबरी नावाजलेलं, पण झाडाला फळ धरायला बरीच वर्षं लागतात, एक वर्ष भरपूर तर पुढच्या वर्षी कमी, म्हणून बागवाल्यांनी अंबरी काढून डेलिशस लावलं अन् हे दुर्मिळ झालं.

गच्चीचा विचार सोडा, याला ७ अंशांखालची थंडी शेकडो तास लागते. हरिमन ९९ सारखी कमी थंडीची जात गरम भागात येते, पण ती अंबरी नव्हे.

---

खूप आभार भाऊ, बाबांना वाचून दाखवलं, रेघांचं ऐकून लगेच हो हो म्हणाले. ऑक्टोबरपर्यंत थांबते. शोपियानकडे कोणाची ओळख असेल तर प्लीज सांगा, पूर्ण पेटी नको, एक किलो आलं तरी चालेल.