मदत हवी आहे: ख्रिस्ती उपासनेतली वाद्यं कधी आणि का थांबली?

मंडळीत (चर्चमध्ये) वाद्यं असावीत का, यावरच्या चर्चेची मांडणी माझ्याकडे आहे. बायबलच्या जुन्या करारातल्या स्तोत्र 150 मध्ये शिंग, वीणा, डफ, झांजा सगळं आहे. नव्या करारातल्या इफिसकरांस 5:19 मध्ये मात्र गाण्याचा उल्लेख आहे, पण कोणत्याही वाद्याचं नाव नाही. ऑर्थोडॉक्स (पूर्वेकडच्या जुन्या ख्रिस्ती परंपरेच्या) मंडळ्या आजही बहुतेक ठिकाणी वाद्यांविना गातात. एवढं वाचून झालंय.

मागे एकदा शेवटच्या कडव्याला कीबोर्ड थांबला आणि मागच्या बाकांवरचे थरथरते आवाज पहिल्यांदा स्पष्ट ऐकू आले. तेव्हापासून हा प्रश्न पाठ सोडत नाही.

चूक-बरोबरचा वाद नको, मूळ पुरावा हवा. इंग्रजी भाषांतर चालेल. इ.स. 70 मध्ये यरुशलेममधलं यहुद्यांचं मंदिर पडल्याचा शोक हे कारण होतं, की मूर्तिपूजकांच्या उत्सवांपासून दूर राहणं? पहिल्या चार शतकांतल्या कोणत्या ख्रिस्ती लेखकाने याबद्दल स्वतः लिहिलंय, आणि नेमकं कुठे?