विषय: बर्फ गेला, आता तळ्यावर मासा कुठे शोधायचा?

प्रेषक: नवा सभासद

नमस्कार मंडळी,

लिस्टवर मासेमारीचं बोलणारे बरेच दिसले म्हणून विचारतोय. तळ्यावरचा बर्फ आता पूर्ण गेलाय, लायसन्स काढून झालंय, आणि हात शिवशिवतायत. उन्हाळ्यात जेट्टीच्या टोकावरून स्पिनर (ओढताना पातं गरगर फिरतं ते आमिष) टाकला की काही ना काही लागायचंच, तर आताही तीच जागा आणि तेच आमिष चालेल का? पहाटे जावं की उशिरा? मुख्य म्हणजे बास आणि क्रॅपी हे मासे हवेत, पर्च मिळाला तरी आनंदच. एका मित्राची छोटी बोट पण मिळू शकते.

प्रेषक: काका

अरे, जेट्टीचं टोक आणि पहाटेचा गजर, सध्या दोन्ही बाजूला ठेव. या दिवसांत कॅलेंडर बघून मासा मिळत नाही, पाणी बघून मिळतो. म्हणून आधी एक साधा थर्मामीटर घे, दोरीला बांधून पाण्यात सोडता येईल असा, रॉडच्या आधी तो पाण्यात गेला पाहिजे.

कारण सांगतो. पाणी सगळ्यात जड असतं ४ डिग्री सेल्सिअसला, म्हणजे साधारण ३९ फॅरनहाइट. हिवाळाभर बर्फाच्या लगेच खाली शून्याच्या आसपासचं पाणी असतं आणि तळाशी त्यापेक्षा थोडं उबदार, ४ च्या जवळपासचं. बर्फ गेला की वरचं पाणी उन्हाने तापत ४ पर्यंत येतं, जड होऊन खाली बसतं, वरून वारा ढवळत असतोच, आणि मग काही दिवस अख्खं तळं वरपासून खालपर्यंत जवळजवळ एकाच तापमानाचं होऊन जातं. तळाशी कमी झालेला ऑक्सिजन तेव्हाच भरून निघतो, तळ्यासाठी फार मोलाचे दिवस, पण आपल्यासाठी अवघड, कारण माशाला कुठल्याच एका जागी जायचं कारण उरत नाही, तो विखुरलेला असतो. वरचं पाणी ४ च्या पुढे गेलं की मात्र ते हलकं होऊन वरच राहतं आणि उथळ कोपरे बाकीच्या तळ्याच्या पुढे पळतात. बंदिस्त उथळ कोव्हमध्ये, म्हणजे काठात आत शिरलेल्या पाण्याच्या कोपऱ्यात, मुख्य तळ्यापेक्षा दोन-तीन डिग्री जास्त मिळणं अगदी नेहमीचं, आणि आत्ता त्या दोन-तीन डिग्रींवरच सगळं ठरतं.

ते कोपरे शोधायचे कसे, तर उत्तर गोलार्धात ऊन दक्षिणेकडून येतं, म्हणजे तळ्याचा उत्तरेकडचा काठ दिवसभर शेकतो, आणि उत्तरेचं गार वारं मागच्या काठावर आणि झाडीवर अडतं. त्या बाजूचे उथळ कोव्ह, त्यातही काळ्या गाळाचा तळ असलेले, आधी तापतात, कारण काळा तळ ऊन धरून ठेवतो. तिथे मागच्या वर्षीचे बोरू किंवा लव्हाळी उभी असतील, पडलेलं झाड असेल, आणि पाच-दहा पावलांवर पाणी एकदम खोल होत असेल तर ती जागा सोडू नकोस. मासा दुपारी खोलातून वर येतो आणि गारठा वाढला की परत खाली सरकतो, त्याला लांबचा प्रवास नको असतो. वेळ म्हणशील तर दुपारी दोनपासून ऊन उतरेपर्यंतची. सलग तीन-चार दिवस ऊन पडलं आणि रात्री पण फार गार गेल्या नाहीत तर त्या शेवटच्या दिवशी ऑफिसमधून लवकर निघ असं मी सांगेन.

आता आमिष. मासा थंड रक्ताचा, पाणी गार की त्याचं पचन मंद, भूक कमी, आणि पाठलाग करायची तयारी तर नाहीच. म्हणून सगळं लहान आणि सगळं हळू. बाससाठी माझी पहिली पसंती सस्पेंडिंग जर्कबेट, म्हणजे ओढायचं थांबलं की पाण्यात आहे तिथेच तरंगत राहणारं. दोन हलके झटके, मग थांब. किती थांबायचं? मनात दहा मोज, पाणी ७-८ डिग्रीच्या खाली असेल तर त्याहून जास्त. हे थांबणं नवीन माणसाला जड जातं, पण चावा तेव्हाच येतो, आणि तो धक्का नसतो, दोर जरासा बाजूला सरकतो किंवा नुसताच जड लागतो. दोर बघत राहायचं. पाणी १० च्या वर गेलं की मग लिपलेस क्रँकबेट (पुढे पट्टी नसलेलं माशाच्या आकाराचं आमिष) जुन्या गवताच्या टोकांवरून हळू ओढून बघ, गवतात अडकलं की झटक्याने सोडवायचं, बरेचदा सुटताक्षणीच मासा धरतो.

स्पिनर टाकून देऊ नकोस, पण त्याचे दिवस अजून थोडे लांब आहेत. आणि जिथे ओढा तळ्याला मिळतो ते तोंड पण बघ, तिथे वाहून आलेलं खाणं असतं.

काका

प्रेषक: ताई

काका, बाकी सगळं पटलं पण ओढ्याच्या तोंडाबद्दल मला थोडं वेगळं सांगायचंय. डोंगरातला बर्फ अजून वितळत असेल तर तो ओढा तळ्यापेक्षा गार पाणी आणून सोडतो, आणि तिथे बास-क्रॅपी शोधणं म्हणजे वेळ घालवणं. ट्राउटची गोष्ट निराळी, त्याला गार पाणी आवडतं, बर्फ गेल्यावर काही आठवडे तो काठाजवळ अगदी उथळात फिरत असतो, बोटीशिवाय मिळण्याचे हेच दिवस. पण उबदार पाऊस पडून गेला की तोच ओढा कोमट पाणी आणि गांडुळं घेऊन येतो, तेव्हा जरूर जावं. म्हणजे ओढ्यात पण थर्मामीटर बुडवायचा आणि मग ठरवायचं.

आणि वारा विसरू नका. दोन दिवस दक्षिणेचा वारा वाहिला की वरचं तापलेलं पाणी ढकलत उत्तरेच्या काठाला नेऊन लावतो, त्याच्याबरोबर सूक्ष्म जीव, त्यांच्यामागे बारीक मासळी, तिच्यामागे मोठी. तोंडावर वारा येतो म्हणून आपण पाठ फिरवून आडोशाला जातो आणि मासा नेमका समोर असतो. फक्त वारा गार असेल तर हा हिशोब लागू नाही.

क्रॅपीचं मी सांगते कारण मला त्याचंच वेड आहे. फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा तरंडा लाव, त्याखाली एक औंसाच्या बत्तिसाव्या भागाचं जिग (डोक्याशी वजन असलेला गळ), मऊ पिसांचं, मॅराबूचं, कारण ती पिसं तू काही न करता पण हलत राहतात. दोर चार पौंडी, म्हणजे तेवढा ताण झेलणारा, सहाच्या वर नको. क्रॅपीचे डोळे वरच्या बाजूला असतात, तो खालून वर बघून खातो, म्हणून जिग नेहमी त्याच्या डोक्यावर ठेवायचं, खाली गेलेलं तो बघत पण नाही. फुटाफुटाने खोली बदलत जा, एक लागला की तिथेच थांब, हे झुंडीने असतात. पाणी १०-१२ ला आलं की ते उथळाकडे सरकायला लागतात, अंडी घालायची वेळ साधारण १६ च्या पुढे. पर्च त्याच्या बराच आधी, ७ ते १२ च्या दरम्यान, आणि पाईक तर बर्फ गेल्या गेल्या, पाण्याखाली गेलेल्या गवतात.

एक निराशेचं पण सांगून ठेवते. थंडीची लाट येऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी आकाश निळंभोर, ऊन छान, आपल्याला वाटतं वा काय दिवस आहे, आणि मासा तोंड मिटून बसलेला. त्या दिवशी गेलातच तर उथळाच्या बाहेर पहिल्या उतारावर, तळालगत, गांडुळाचा छोटा तुकडा लावून बसा.

प्रेषक: नवा सभासद

काका, ताई, खूप खूप आभार, एवढं कोणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. मग बोट घेऊन उत्तरेच्या कोव्हमध्ये जाऊ का? आणि बास जर काठाला आला असेल तर घरी आणला तर चालतो ना?

प्रेषक: काका

बोटीचं आधी, आणि हे मी अगदी कळकळीने सांगतोय. हवा १८ डिग्री असते, लोक टी-शर्टवर असतात, आणि पाणी ६ असतं. १५ डिग्रीच्या खालच्या पाण्यात माणूस अचानक पडला की पहिली गोष्ट होते ती म्हणजे श्वास धापकन आत ओढला जातो, आपल्या हातात नसतं ते, आणि त्यावेळी तोंड पाण्याखाली असेल तर तिथेच संपलं. त्यासाठी एक-दहा-एक असं लक्षात ठेवायला शिकवतात: पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणायचं, मग साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे राहतात, आणि शुद्ध हरपायला १ तासाच्या आसपास. पण हे सगळं लाइफ जॅकेट अंगावर असेल तरच, कारण चांगला पोहणाराही त्या दहा मिनिटांनंतर हात मारू शकत नाही. जॅकेट सीटखाली ठेवलेलं उपयोगाचं नाही, ते अंगात घालून बकल लावलेलं हवं. एकटा जाऊ नकोस, कुठल्या काठाला जातोय ते घरी सांगून जा, कोरडे कपडे वॉटरप्रूफ बॅगेत घे. खरं तर यावेळी काठावरून जे मिळतं ते बोटीतून मिळेलच असं नाही, मासाच काठाशी येतो. मी तुझ्या जागी असतो तर महिनाभर बोट घेतलीच नसती. आणि ज्यांच्या तळ्यावर अजून बर्फ आहे त्यांनी या दिवसांत त्यावर पाय ठेवू नये, वसंतातला बर्फ जाड दिसला तरी आतून उभ्या सुयांसारखा सुटा झालेला असतो.

बास घरी न्यायचा का, तर आधी नियम वाच. बऱ्याच ठिकाणी बास, वॉलाय, पाईक यांच्या विणीच्या काळात बंदी असते, काही ठिकाणी धरून सोडायची पण परवानगी नसते, आणि एकाच भागातल्या दोन तळ्यांचे नियम वेगळे असू शकतात. नियमात बसत असेल तरी गाभोळीने भरलेली मादी मी सोडतो. आणि पाणी १५ च्या पुढे गेल्यावर तळावर साफ केलेली गोल जागा दिसली तर तिथे गळ टाकू नकोस. अंड्यांची राखण नर बास करतो, त्याला तू वर उचललास की तेवढ्यात ब्लूगिलसारखे छोटे मासे येऊन अंडी फस्त करतात. सोडायचा मासा ओल्या हातांनी धरायचा म्हणजे त्याच्या अंगावरचा चिकट थर जात नाही, आणि गळाचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून टाकलास तर मासा पाण्यातच सुटतो.

प्रेषक: ताई

काकांच्या मेलला जोडून दोन गोष्टी. शिशाची बारकी वजनं वापरू नकोस, पाणपक्षी ती गिळतात आणि विषबाधेने मरतात, काही ठिकाणी त्यावर बंदीच आहे, टंगस्टन किंवा कथलाची घे. आणि उरलेलं जिवंत आमिष, मग मिनो (आमिषाचे बारीक मासे) असोत की गांडुळं, तळ्यात किंवा काठावरच्या झाडीत सोडू नकोस, दुसरीकडून आलेले जीव आणि रोग असेच पसरतात. बादलीतलं पाणी कोरड्या जमिनीवर ओत, गांडुळं डब्यात परत घेऊन ये, फ्रिजमध्ये ठेवली तर पुढच्या खेपेला कामाला येतात.