विभागाला ग्रंथपाल हवा की साधनांची यादी?

समासटीप

विद्यापीठ ग्रंथालयांच्या संकेतस्थळांवर हल्ली 'अध्यापक व संशोधकांसाठी' असे एक पान असते. त्यावर विदासंचांचे (निबंध शोधता येतील अशा संग्रहांचे) दुवे, झोटेरोसारख्या संदर्भ-व्यवस्थापकाची (संदर्भ साठवण्याच्या साधनाची) माहितीपुस्तिका, ऑर्किड हा संशोधकाचा ओळख-क्रमांक कसा काढावा हे दाखवणारी चित्रफीत आणि अगदी तळाला शंका विचारण्यासाठी एक अर्ज असतो. हे पान उपयुक्त आहे, पण तेवढ्यालाच साहाय्य म्हणणे मला मान्य नाही. प्रत्येक विभागाला त्या विषयाची जाण असलेला ग्रंथपाल नेमून द्यावा आणि त्याच्या वेतनासाठी एखाद्या महागड्या विदासंचाची वर्गणी बंद करावी लागली तरी ती करावी, असे माझे मत आहे.

निबंध शोधण्यासाठीचे गूगल स्कॉलर कोणत्याही शोधाचे पहिले १००० निकालच पाहू देते आणि त्यांचा क्रम नेमका कसा लावला हे उघड करत नाही. लेखासाठी चार संदर्भ हवे असतील तर त्याने काही बिघडत नाही. पण एखाद्या प्रश्नावरील सर्व संशोधनाचा पद्धतशीर आढावा घ्यायचा असेल, तर केवळ त्यावर विसंबलेल्या संशोधकाला आपल्या नजरेतून काय सुटले हे कधीच कळणार नाही. पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या विदासंचातील बहुतांश निबंधांना ठरावीक विषयसंज्ञा दिलेल्या असतात. त्या संज्ञा आणि लेखकांनी प्रत्यक्ष वापरलेले शब्द यांची सांगड घालून शोधसूत्र बांधणे हे कसबाचे काम आहे, आणि म्हणूनच वैद्यकीय आढावे प्रसिद्ध करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या मार्गदर्शिकेत अशा आढाव्यांसाठी ग्रंथपालाला किंवा माहितीतज्ज्ञाला सोबत घेण्याची शिफारस आहे. हे काम चित्रफीत पाहून येत नाही.

एकलव्य

मूळ सूचनेशी मी पूर्णपणे असहमत आहे. पद्धतशीर आढावा हे संशोधनाचे एक रूप झाले. बहुसंख्य अध्यापकांच्या गरजा त्याहून साध्या आहेत आणि त्या साधनांनी भागतात. भौतिकशास्त्रज्ञ १९९१ पासून अर्काइव्ह या विनामूल्य संग्रहावर एकमेकांचे निबंध छापील अंकाआधी वाचत आले आहेत. त्यासाठी त्यांना विभागीय ग्रंथपालाची वाट पाहावी लागली नाही. पबमेड १९९७ मध्ये सर्वांना विनामूल्य खुले झाले, तेव्हाही मध्यस्थाकरवी शोध करून घेण्याची जुनी रीत मागे पडली आणि त्याचे दुःख फारसे कोणी केले नाही.

माझा मुख्य आक्षेप समतेचा आहे. नेमून दिलेला ग्रंथपाल प्रत्यक्षात कोणाच्या वाट्याला येतो? ज्याला त्याचे नाव ठाऊक आहे, ज्याचे कार्यालय शेजारी आहे, ज्याला मदत मागायला संकोच वाटत नाही, त्याच्या. नव्याने रुजू झालेल्या अध्यापकाला किंवा रात्री अकरानंतर प्रबंध लिहिणाऱ्या संशोधकाला पानावरची पुस्तिकाच उपयोगी पडते, कारण ती ज्येष्ठता पाहत नाही. आणि वर्गणी बंद करून पद निर्माण करायचे असेल, तर ती वर्गणी ज्या विभागाची आहे त्याला आधी विचारावे.

देवघेव

मी ग्रंथालयात काम करते, त्यामुळे दोन्ही बाजूंना न दिसणारा एक भाग सांगते. तुमच्या चर्चेत अध्यापन कोठेच आले नाही, आणि आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी सर्वांत तातडीच्या तक्रारी तिथल्याच असतात.

अध्यापक वाचनयादी तयार करताना निबंध उघडतात आणि ब्राउझरच्या पट्टीतला पत्ता उचलून अभ्यासक्रमाच्या पानावर चिकटवतात. तो पत्ता अनेकदा त्यांच्या त्या वेळच्या लॉगिनपुरता असतो. विद्यार्थ्याने दुसऱ्या दिवशी तो उघडला की समोर पैसे मागणारे पान येते. कायमस्वरूपी दुवा किंवा डीओआय (निबंधाचा कायमचा ओळख-क्रमांक) वापरला आणि त्याच्या आधी ग्रंथालयाच्या प्रॉक्सीचा (विद्यापीठाच्या वाचकाला बाहेरूनही प्रवेश देणाऱ्या सेवेचा) पत्ता जोडला, तर ही अडचण येत नाही. ही गोष्ट आमच्या पानावर स्पष्ट लिहिलेली आहे (ठळक अक्षरांत, हेही नमूद करते), तरी चूक होतेच.

ई-पुस्तकांचे दुखणे याहून वेगळे आहे. छापील प्रत एका वेळी एकालाच मिळते हे सर्वांना कळते, मात्र ई-पुस्तकाचा परवानाही एका वेळी एकाच वाचकापुरता असू शकतो हे पुष्कळांना ठाऊक नसते. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सगळा वर्ग एकच प्रकरण उघडू पाहतो, पहिल्याला ते मिळते आणि इतरांना 'पुस्तक सध्या वापरात आहे' असा संदेश दिसतो. काही पुस्तकांचा बहुवाचक परवाना प्रकाशक विकतच नाहीत, काहींचा दर छापील प्रतीच्या अनेक पट असतो. सत्र सुरू होण्याआधी आमच्याशी कोणी बोलले, तर पर्यायी पुस्तक सुचवता येते किंवा तो धडा मुक्त परवान्याच्या साहित्यातून शोधता येतो. सत्राच्या मध्यावर आलेल्या अर्जाला आम्ही केवळ दिलगिरी कळवू शकतो.

साधनेही आपोआप टिकत नाहीत. मायक्रोसॉफ्ट अ‍ॅकॅडेमिक हे निबंध शोधण्याचे साधन २०२१ च्या अखेरीस बंद झाले आणि त्यावर बेतलेल्या कामांना नवा आधार शोधावा लागला. तो ओपनअ‍ॅलेक्स या खुल्या विदासंचाने पुढच्याच वर्षी दिला, हे चांगले झाले. मेंडेली हे संदर्भ-व्यवस्थापनाचे साधन २०१३ मध्ये एल्सेव्हियर या प्रकाशन कंपनीने विकत घेतले, तेव्हा आपला संदर्भसंग्रह कोणाच्या हाती जात आहे हा प्रश्न वापरकर्त्यांना पडला. संग्रह एका साधनातून दुसऱ्यात सुरक्षित कसा न्यावा, हे तेव्हा कोणाला तरी बसून दाखवावे लागते.

अर्धवेळ

एक छोटी भर. कंत्राटी अध्यापकाचे लॉगिन सत्र संपताच बंद होते. पुढच्या सत्राचा अभ्यासक्रम मात्र त्याने मधल्या सुट्टीत, म्हणजे लॉगिन नसताना, तयार करावा अशी अपेक्षा असते. एकलव्य यांची समतेची साधने या दारापाशी थांबतात.

समासटीप

एकलव्य यांचा ज्येष्ठतेचा मुद्दा खरा आहे आणि त्याला माझ्यापाशी सोपे उत्तर नाही. पण मदत मागणाऱ्यांनाच मदत मिळते हा दोष पुस्तिकेलाही लागू होतो. आपल्याला काय ठाऊक नाही हे कळल्याखेरीज कोणी पुस्तिका उघडत नाही.

लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा १९९८ चा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातील निबंध २०१० मध्ये पूर्णपणे मागे घेण्यात आला. त्यानंतरही तो मागे घेतल्याची नोंद न करता त्याचे संदर्भ दिले जात राहिले. मागे घेतलेला निबंध संग्रहात असेल तर झोटेरो २०१९ पासून इशारा देते, हे साधनांच्या बाजूने मी मान्य करतो. परंतु तो इशारा झोटेरो वापरणाऱ्यालाच मिळतो. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेले, मुळात अस्तित्वातच नसलेले संदर्भ घेऊन लोक ग्रंथपालांकडे येतात. लेखकाचे नाव खरे, नियतकालिक खरे आणि निबंध मात्र काल्पनिक, अशा संदर्भाचा छडा लावणारे जाणते माणूस विभागात असायला हवे.

एकलव्य

असा संदर्भ तपासायला विषयतज्ज्ञ कशाला हवा? डीओआय क्रॉसरेफ या डीओआय-नोंदणी सेवेच्या संकेतस्थळावर टाकून पाहणे कोणालाही जमते. डीओआय नसलेल्या जुन्या ग्रंथांबाबत मात्र तुमचे म्हणणे मानतो, मानव्यशाखांत ती अडचण मोठी आहे.

देवघेव यांच्या प्रतिसादानंतर माझा विरोध थोडा बदलतो, मावळत नाही. प्रत्येक विभागाला एक याऐवजी चार-पाच विभागांना मिळून एक ग्रंथपाल असावा, आणि त्याने दिलेले प्रत्येक उत्तर सर्वांना शोधता येईल अशा नोंदीत जावे, या अटीवर मी पदाला पाठिंबा देईन. वर्गणी तोडायला अजूनही विरोध आहे.

देवघेव

ही अट आम्हाला जशीच्या तशी पाळता येणार नाही. कोण काय वाचतो आणि काय शोधतो हे गुप्त ठेवणे हा आमच्या व्यवसायाचा संकेत आहे. शिवाय अप्रकाशित संशोधनाविषयीचा प्रश्न उघड झाला, तर विचारणाऱ्याची कल्पनाच उघड होते. प्रॉक्सी, परवाने, दुवे, संदर्भशैली यांविषयीची उत्तरे खुशाल खुली ठेवावीत. शोधसूत्रे मात्र निबंध प्रसिद्ध झाल्यावर आणि संशोधकाच्या संमतीनेच.

एकलव्य

प्रसिद्धीनंतर शोधसूत्र खुले करणे मला पुरेसे आहे. पदाचा खर्च कोणत्या वर्गणीतून काढायचा, ते समासटीप यांनी आता नाव घेऊन सांगावे.