सिमेंट-सळईच्या दुकानाला कुठली गाडी घेऊ? पिकअप, टाटा ४०७ (छोटा ट्रक) की टिपर (हौदा उचलून माल ओतणारा)?

गडग्यापलीकडचा: नमस्कार मंडळी, संगमेश्वरच्या बाजूला माझं छोटं दुकान आहे, सिमेंट, सळई आणि कुणी सांगितलं तर वाळू-खडी. आतापर्यंत भाड्याच्या गाडीवर भागवलं पण गणपतीनंतर कामं सुरू झाली की गाडीवाला फोनच उचलत नाही आणि गिऱ्हाईक आपल्या नावाने शंख करतं. म्हणून आता स्वतःचीच घेतो म्हणतोय, सेकंडहँड चालेल. भाऊ म्हणतो ट्रॅक्टर-ट्रॉली घे. दिवसाला ६०-७० गोणी जातात, माल सगळा वाडीवस्तीत.

पाटेतुटक्या: आधी वजन बघा. गोणी ५० किलोची, ७० गोणी म्हणजे साडेतीन टन झाले. पिकअपचं पासिंग, म्हणजे आरटीओने मंजूर केलेला माल, दीड टनाच्या आसपास, म्हणजे ३० गोणी, संपलं. लोक ५० टाकतात, मीपण टाकायचो, घाटात चढाला पुढची चाकं अशी हलकी झाली की स्टेअरिंग फिरवतोय आणि गाडी सरळच चाललीय, त्या दिवसापासून कानाला खडा. आरसीवर भरलेल्या गाडीचं आणि रिकाम्या गाडीचं वजन असतं, वजाबाकी करायची, एजंट तोंडाने काय सांगतो ते सोडा. सेकंडहँडला कुणी हौदा (माल भरायची मागची पेटी) जाड पत्र्याचा करून घेतलेला असला तर तेवढा माल कमी बसणार. आणि मागून वाकून पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) बघा, उलटे झाले असतील तर गाडीने काय काय वाहिलंय ते कळतं.

खडीवाला: वाळू-खडीच्या नादाला स्वतःच्या गाडीने लागूच नका. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, वाळू साडेचार टनाच्या घरात, ओली असली तर अजून. पिकअपमध्ये पाव ब्रास नेऊन डिझेलपण सुटत नाही. शिवाय वाहतुकीचा पास नसला तर महसूलवाले गाडी लावून ठेवतात मग फेऱ्या मारत बसा. डंपरवाल्याला सांगून थेट साइटवर ओतायला लावा, तुम्ही मधले पैसे घ्या.

सळई४०फूट: सळईचं कुणी बोललंच नाही. ४० फुटी सळई मधे वाकवली तरी २० फूट, पिकअपचा हौदा नऊ फुटाचा. आमच्याकडे एकदा शेपूट मागे लोंबत होतं, उतारावर रस्त्याला घासून ठिणग्या, मागचा बाइकवाला घाबरून गटारात. सळई जास्त जात असेल तर ४०७ च.

पाटेतुटक्या: ट्रॅक्टरचं राहिलं. शेतीच्या पासिंगवर धंद्याचा माल नेलात आणि काही झालं तर इन्शुरन्सवाले हात वर करतात. आणि कुठल्याही गाडीला ओव्हरलोडचा दंड २०,०००, वर जादा टनामागे २,०००. सिमेंटच्या गोणीवर सुटतं किती आपल्याला 😀

गडग्यापलीकडचा: सगळ्यांचे आभार. काल टेप घेऊनच फिरलो. देवळाकडच्या वळणाला दोन गडग्यांमध्ये (दगडी कुंपणांमध्ये) साडेसात फूट भरतं, ४०७ आत जाईल पण वळणार नाही, अर्धा किलोमीटर रिव्हर्स यायचं आणि मधे साकव (ओढ्यावरचा छोटा पूल). म्हणून पिकअपच, ३० गोणी, दोन-तीन फेऱ्या. सळई कंपनीच्या गाडीतून हमरस्त्यावरच उतरवून घेईन, पुढे वाडीत नेताना तिथेच कापून. वाळूचं खडीवाल्या दादांचं ऐकतो. चिपळूण-रत्नागिरीकडे कुणाची न लादलेली पिकअप विकायची असेल तर सांगा, पाटे बघायला वाकणार आहे.